'घरबसल्या डॉक्टरकी' म्हणणाऱ्यांना उत्तर

अनामिक साहेब (किंवा बाई, नाव टाकलं असतंत तर कळलं असतं),

गुडघ्यातली गादी फाटली तर ऑपरेशनची घाई नको, आधी थांबा, अशी माझी पोस्ट होती; तिच्यावरची तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. बाकीच्यांसाठी सांगते, यांचं म्हणणं असं: "काकू, घरबसल्या डॉक्टरकी बंद करा. असलंच काहीतरी वाचून माझ्या वडिलांनी ऑपरेशन चार वर्षं टाळलं, पाय धनुष्यासारखे वाकले आणि मग सांधा बदलणं जास्त अवघड गेलं. आणि मेनिस्कस म्हणजे लिगामेंट नव्हे."

शेवटचं बरोबर. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, लिगामेंट म्हणजे हाडांना जोडणारा बंध; पोस्टमधे घाईत मेनिस्कसला लिगामेंट लिहिलं गेलं, सकाळी दुरुस्त केलंय. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण "घरबसल्या"? अहो, घरी बसायला मिळालं असतं तर गुडघा गेला असता का? तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकवीस वर्षं वरखाली करतेय. २०१९ च्या जूनमधे जिना उतरताना हातात भाजीच्या दोन पिशव्या, शेजारणीने हाक मारली म्हणून वळले आणि आत कट्ट झालं. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म. एमआरआयमधे गादी फाटलेली, जोडीला थोडी झीज. एका सर्जनकडे गेले (नाव नाही सांगणार), त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, गुडघ्याला हातसुद्धा न लावता म्हणाले, "दुर्बिणीने साफ करू, शुक्रवारी अॅडमिट व्हा." फिजिओथेरपीचं नावही नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी आधी विचारलं, गुडघा मधेच अडकतो का, सरळच होत नाही असं होतं का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग तीन महिने व्यायाम करा, कापायचं नंतर बघू.

ही माझी डॉक्टरकी! गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे. पहिल्या आठवड्यात मांडी नुसती थरथरायची आणि सगळा जोर यायचा चेहऱ्यावर, तर फिजिओ ताई मांडीवर बोट टेकवून म्हणायची, "जोर इथे, कपाळावर नको." हे मी भोगलंय, तुम्ही नाही.

आणि फक्त माझंच नका धरू. अमेरिकेत ह्यूस्टनला झिजलेल्या गुडघ्याच्या १८० लोकांवर अभ्यास झाला, २००२ मधे छापून आला, त्यात काहींना दुर्बिणीचं खरं ऑपरेशन आणि काहींना नुसते वरचे छेद, दोन वर्षांनी दुखण्यात फरक शून्य. फिनलंडमधे २०१३ मधे १४६ जणांवर तसंच, फाटलेली गादी कापली काय आणि कापल्याचं नाटक केलं काय, वर्षाने सारखंच. ही मंडळीपण घरबसल्याच का?

वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तो पूर्ण झिजलेला सांधा, माझी पोस्ट फाटलेल्या गादीवर, वेगळा विषय आहे. सांधा बदलू नका असं मी कुठे म्हटलंय? वाजपेयींनी पंतप्रधान असताना दोन्ही गुडघे ब्रीच कँडीत बदलून घेतले, २००० आणि २००१ मधे, त्याचं मी त्याच पोस्टमधे कौतुक केलंय. आता हेडिंग 'ऑपरेशन? आधी थांबा!' असं होतं हे खरं, पण नुसत्या हेडिंगवर चार वर्षं कोण थांबतं हो? असो. बाकीच्यात काही दम नाही, सोडून देते.

आणि ते "काकू"! माझं वय तुम्हाला कोणी सांगितलं? एमआरआय रिपोर्टवर छापलंय तेवढंच आहे, आणि तो मी तुम्हाला दाखवलेला नाही. पुढची कमेंट नावासकट आली तरच अॅप्रूव्ह करीन.