कादंबरीवर सिनेमा येतोय, तयारीला लागा

तर अखेर घोषणा झाली. तुम्ही एका रात्रीत वाचून काढलेल्या, मग मैत्रिणीला वाचायला दिलेल्या आणि दोन वर्षांनी भांडून परत आणलेल्या त्या कादंबरीवर सिनेमा येतोय. अभिनंदन. आता पहिली गोष्ट म्हणजे खूश व्हायचं नाही. खूश काय कोणीही होतं. आपण पडलो वाचक, आपण काळजीत पडायचं. "बघू आता काय वाट लावतात" एवढंच लिहून पोस्ट टाका आणि खाली पुस्तकाचा फोटो. जुन्या आवृत्तीचा हं, कोपरे दुमडलेल्या. कारण थोड्याच दिवसात नवीन आवृत्ती येणार, मुखपृष्ठावर हिरो-हिरॉइनचे चेहरे आणि "आता मोठ्या पडद्यावर" असा गोल शिक्का, आणि ती हातात घेऊन कोणी दिसलं की आपण नुसतं हसायचं, बोलायचं काही नाही.

कास्टिंग चुकलंय हे कास्टिंग जाहीर व्हायच्या आधीच ठरवून ठेवा, नंतर घाई होते.

तशी घोषणा झाली म्हणजे सिनेमा झाला असं काही नसतं म्हणा. निर्माते ठरावीक मुदतीसाठी हक्क घेऊन ठेवतात, मग पटकथा जमत नाही, पैसा उभा राहत नाही, तारखा जुळत नाहीत, मुदत संपते आणि हक्क जातात परत लेखकाकडे. कितीतरी पुस्तकं अशी माहेरी परत आलीयत. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. न बनलेल्या सिनेमाइतका कादंबरीशी प्रामाणिक सिनेमा दुसरा नाही.

बनलाच तर मात्र गणिताचा प्रश्न येतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा त्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे अडीच तासांचा सिनेमा दीडशे पानांचा, तीही अशी पानं की निम्मी मोकळीच असतात. आणि आपली कादंबरी साडेचारशे पानांची, गच्च छापलेली. हे कोणी समजावून सांगायला लागलं तर मान हलवा, ऐकू नका. दिग्दर्शकाने हवं ते कापावं, फक्त मला आवडलेलं एकही पान कापू नये. आणि मधली ती शंभरेक पानं, जमिनीच्या वादाची, जी आपण सगळ्यांनीच खरं तर भराभर उलटली होती, ती तर अजिबातच कापू नयेत कारण तोच कादंबरीचा आत्मा आहे. आत्मा हा शब्द बिनधास्त वापरा. कुठे असतो विचारायला कोणी येत नाही.

चर्चेत दाखले लागतात, ते जवळ ठेवा. देवदास कायम कामाला येतो. कादंबरी 1917 ची, त्यात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना भेटतच नाहीत, 1955 च्या सिनेमात रस्त्यात नुसती नजरानजर होते आणि 2002 पर्यंत दोघी मिळून नाचायला लागल्या. "या वेगाने पुढच्या वेळी दोघी भागीदारीत दुकान काढतील" असं म्हणा, लोक हसतात. मग गाइड. आर. के. नारायण यांची मालगुडी जगाच्या नकाशावर कुठेच नाही, तिला 1965 च्या सिनेमाने थेट उदयपूरला नेऊन ठेवलं, नारायण यांनी त्यावर नाराजी लिहूनही ठेवलीय. हे सांगताना फक्त त्या सिनेमातली गाणी गुणगुणू नका, मुद्दा मऊ पडतो.

तिसरा दाखला जपून वापरा. स्टीफन किंग यांना त्यांच्या द शायनिंग या भयकादंबरीवर दिग्दर्शक कुब्रिकने 1980 साली काढलेला सिनेमा आवडला नाही, हे सांगायचं आणि तिथेच थांबायचं. पुढे 1997 मध्ये किंगनी स्वतः पटकथा लिहून पुस्तकाला धरून टीव्हीवर मालिका आणली, आणि लोक आजही बोलतात ते कुब्रिकच्याच सिनेमाबद्दल, हे आपण सांगायचं नाही. समोरच्याला माहीत असेल तर विषय बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमा येईपर्यंत पुस्तक परत वाचायचं नाही. कपाटात दिसू दे, फोटोत दिसू दे, पण उघडायचं नाही. हे मी अनुभवाने सांगतेय. ट्रेलर आला तेव्हा मी तो फोनवर सहा वेळा थांबवून थांबवून बघितला आणि सत्तेचाळिसाव्या सेकंदाला पकडलंच, नायिका पावसातून घरात येते आणि हातात लाल छत्री. लाल! तिची छत्री काळी होती, वडिलांची जुनी, एक काडी मोडलेली, मला ती वीस वर्षं लख्ख दिसतेय. चार परिच्छेदांची कमेंट लिहिली, त्यात "किमान पुस्तक तरी वाचा" हे वाक्य दोनदा. म्हटलं पान नंबर टाकू म्हणजे तोंड बंद होतील, म्हणून पुस्तक काढलं. प्रसंग सापडायला दोन तास गेले कारण मधेच वाचत बसले. पान 212. "छत्री मिटून ती आत आली." बस. रंग नाही, वडील नाहीत, काडी नाही. मागची पुढची दहा पानं चाळली, मग खोलीत कोणी नव्हतं तरी पुस्तक हळूच मिटलं.

कमेंट मी टाकलीच, फक्त पान नंबर काढून टाकला. त्र्याण्णव लाईक आले, आणि खाली एकाने लिहिलं, "अगदी बरोबर, काळीच होती, मला आठवतंय".

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्याशी नरमाईने वागा. "मी काही सांगत नाही हं, पण शेवटी रुमाल जवळ ठेव" एवढं म्हटलं की शेवट सांगितल्याचं पापही लागत नाही आणि सांगूनही होतो. सिनेमाला शक्यतो असंच एखादं माणूस सोबत न्या, शेजारी बसवा आणि दर दहा मिनिटांनी कानात "हे पुस्तकात नाहीये" म्हणा. पुस्तकात असलेलं आलं की मात्र "हे पुस्तकात जास्त छान आहे" म्हणायचं. तिसरं वाक्य लागत नाही.

आणि समजा, देव न करो, सिनेमा चांगलाच निघाला? लाल छत्रीवाला तो प्रसंग आला आणि तुमचा घसा दाटून आला? घाबरू नका, अंधार असतो. नाक लाईट लागायच्या आत पुसून घ्या. बाकीचे उठून चालू लागले तरी आपण बसून राहायचं, नावं सरकत असतात तिकडे डोळे लावून, आणि मूळ लेखकाचं नाव आलं की मनात सेकंद मोजायचे. जितके भरतील तितके कमीच आहेत.