उसाचा काटा आणि जिनिव्हातल्या रिकाम्या खुर्च्या

परवा रात्री साडेअकराला आमची उसाची ट्रॉली खाजगी काट्यावर उभी होती. कारखान्याआधी बाहेर वजन करायचं, ही आमच्या घरची रीत. एका हंगामात एकाच खेपेच्या दोन पावत्यांत चारशे किलोंचा फरक निघाला, तेव्हापासून तात्या दोन्ही पावत्या टाचणी लावून वहीत ठेवतात. थंडीत उभे असताना त्यांनी विचारलं, "ते परदेशातल्या उसाच्या केसचं काय झालं रे?"

काहीच झालं नाही. का झालं नाही, हे सांगलीतल्या प्रत्येक ऊसवाल्याला ठाऊक असायला हवं.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत आपल्या एफआरपीवर (कारखान्याने उसाला द्यायचा, केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर) आणि साखर निर्यातीच्या अनुदानावर तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेच्या निवाडा करणाऱ्या पॅनेलने निकाल आपल्या विरोधात दिला: उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. एफआरपी सरकार नव्हे, कारखाना देतो, हे आपलं म्हणणं मानलं गेलं नाही. बरं, आधार मोजायचा कसा? तर आजचा दर १९८६-८८ च्या जागतिक किमतीशी ताडून! तेव्हा आमचा ऊस बैलगाडीतून जायचा. खत, डिझेल, तोडणी, कशाचाच त्या भावाशी मेळ उरलेला नाही. हा काटा खोटा आहे, आणि तो १९९४ च्या करारात श्रीमंत देशांच्या कलाने बसवला गेला.

जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं. पण सात जणांच्या अपील मंडळात सुनावणीला किमान तिघं लागतात आणि डिसेंबर २०१९ पासून तेवढे उरलेलेच नाहीत. नेमणुका अमेरिकेने अडवल्या. २००१ मध्ये संघटनेत आलेला चीन बघता बघता तोलामोलाचा झाला. चिनी सरकारी कंपन्यांच्या अनुदानाबाबत मंडळाने २०११ मध्ये दिलेला निकाल अमेरिकेला फार झोंबला. स्वतः उभारलेला काटा आपल्याविरुद्ध वजन दाखवायला लागला, तेव्हा त्यांनी तो बंदच पाडला.

त्यामुळे आपली केस लटकली, आणि अपील निकाली निघेपर्यंत पॅनेलचा निकालही लागू होत नाही. गावात काहीजण म्हणतात, बरं झालं, एफआरपी वाचली. मला हे अजिबात पटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतो म्हणून. अशा वेळी आपण पॅनेलमध्ये जिंकलो तरी अमेरिका अपील करून मोकळी होणार, आपण उसात झालो तशीच. दांडग्याला काटा नसला तरी चालतं. आपलं चालत नाही.

युरोप, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांनी २०२० मध्ये आपसात तात्पुरती अपील व्यवस्था उभी केली, २०२३ मध्ये जपानही आला. भारत अजून बाहेर आहे. माझं स्पष्ट मत आहे: आपण आत जावं, आणि १९८६-८८ चा भाव बदलायची मागणी जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींत नेटानं लावून धरावी. यंदाच्या ऊस परिषदेत दराबरोबर हाही ठराव कुणीतरी मांडा. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.