बी पडल्यावर गवत कापून काय उपयोग?

रस्त्याकडेचं गवत कापायला यंत्र येतं ते नेमकं तणाला बी धरून ते वाळल्यावर! त्या वेळची कापणी म्हणजे पेरणीच. पाती फिरतात, बी उधळतं आणि उरलेलं यंत्राच्या कवचाखाली चिकटून पुढच्या रस्त्यावर पोचतं. कळी दिसली की, फुलं उमलायच्या आधी कापा, हे किती वेळा सांगायचं? आणि एक रस्ता संपला की यंत्र बंद करून कवच आतून खरवडून, झाडून घ्या. तेवढंही कुणी करत नाही.

दुसरा हट्ट जमिनीलगत कापायचा. ‘स्वच्छ दिसतं’ म्हणे! १० ते १५ सेंटिमीटर उंची राखली तर गवताची मुळं तगतात, माती धरून ठेवतात. पार खरवडलं की माती उघडी पडते, खाली दडलेल्या बियांना ऊन मिळतं आणि गवताच्या जागी तणच फोफावतं. उतारावर तर पहिल्याच जोरदार पावसात माती थेट गटारात. शिवाय पाती दगडावर आपटून बोथट होतात, उडालेला खडा एखाद्याचा डोळा घेऊ शकतो. कापण्याआधी बाटल्या, तारा, दगड वेचायलाच हवेत. बाटलीच्या शंभर चिंधड्या झाल्यावर त्या कोण वेचणार?

आणि जिथे गवत खरोखर बुटकं हवं, वळणाच्या आतल्या बाजूला, चौकात, फलकांच्या बुडाशी, तिथेच ते छातीएवढं उभं! समोरून येणारी गाडी दिसणार कशी?