लायडार ३७ सेकंद पुढे? सेन्सर बदलू नका

पीटीपीवर (नेटवर्कवरून यंत्रांची घड्याळं जुळवण्याची पद्धत) जोडलेल्या लायडारची (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) वेळ लॅपटॉपपेक्षा बरोबर ३७ सेकंद पुढे दिसते, म्हणजे सेन्सरचं घड्याळ बिघडलंय, असा मेसेज सध्या फिरतोय. तसं नाही. बिघडलेलं घड्याळ हळूहळू सरकतं. रोज नेमके ३७ सेकंद धरून बसत नाही.

पीटीपी सहसा टीएआय ही आण्विक वेळ वाटतं, लॅपटॉप मात्र यूटीसीवर, म्हणजे रोजच्या घड्याळांच्या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. यूटीसीत पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला अधूनमधून एक जादा सेकंद (लीप सेकंद) घातला जातो, टीएआयमध्ये नाही. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला घातला गेला आणि तेव्हापासून हा फरक ३७ वर आहे. फरक १८ सेकंदांचा दिसला तर वेळ जीपीएसची आहे, कारण जीपीएस टीएआयच्या कायम १९ सेकंद मागे असतं.

म्हणजे लॅपटॉपच्या वेळेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या फ्रेमवर १०:१५:०० आणि त्याच क्षणाच्या लायडार पॅकेटवर १०:१५:३७ असेल, तर दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. पीटीपीत वेळ वाटणारं मास्टर घड्याळ आपल्या संदेशातून हा फरक कळवतं. तो वाचून वजा करा किंवा सगळी यंत्रं एकाच वेळेवर आणा. कोडमध्ये ३७ हा आकडा कोंबून मोकळं होणं हा आळस झाला (मीही केलाय).

दुर्लक्ष मात्र करू नका, नाहीतर कॅमेरा आणि लायडारची वेगवेगळ्या क्षणांची माहिती एकत्र जोडली जाईल. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ३७ सेकंदांत सहाशे मीटरच्या वर जाते.