‘चॅलेंज व्होट’बाबत खुलासा
निवडणूक आली की एक संदेश हमखास फिरू लागतो: मतदार यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘कलम ४९ अ’ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा. हा दावा चुकीचा असून, प्रथमच मतदान करणारे तरुण त्याच्या भरवशावर नावनोंदणीची मुदत गमावतात, म्हणून हा खुलासा.

यादीत नाव नसल्यास कोणत्याही ओळखपत्रावर मतदान करता येत नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील आक्षेपाची तरतूद उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीसाठी आहे. मतदाराच्या ओळखीविषयी शंका असल्यास हा प्रतिनिधी दोन रुपये (होय, आजही दोनच) भरून हरकत घेतो. आपल्या नावावर आधीच कोणी मतदान केले असेल, तर ‘४९ पी’ या नियमानुसार प्रदत्त मतपत्रिका (यंत्राऐवजी कागदावर मत नोंदवण्यासाठी दिली जाणारी मतपत्रिका) मिळते. परंतु त्यासाठीही यादीत नाव असावेच लागते. अशी मते १४ टक्क्यांहून अधिक झाल्यास फेरमतदान होते, हे संदेशातील वाक्यही निराधार आहे.

नावनोंदणीसाठी नमुना क्रमांक ६ भरावा. पूर्वी पात्रतेची तारीख (ज्या तारखेला अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती) १ जानेवारी ही एकच होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.