खुलासा : केमोच्या थकव्यात ‘नुसतं पडून राहा’ हा सल्ला चुकीचा

‘केमो चालू असताना पेशंटला अंथरुणातून उठू देऊ नका, चालल्याने उरलीसुरली ताकद संपते’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो बरोबर नाही. केमोने, म्हणजे कॅन्सरवरच्या केमोथेरपीने, येणारा थकवा झोपेने भरून निघत नाही. मेथीची जुडी निवडतानाही हात गळून येतात, हे अगदी खरं. पण सतत पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि थकवा वाढतो. २०१७ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात ११३ अभ्यासांचा, ११,५२५ व्यक्तींचा एकत्रित आढावा आला. त्यात थकवा कमी करायला व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही थकव्यावरच्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी ठरले.

व्यायाम म्हणजे जिम नव्हे. खोलीतून गॅलरीपर्यंत चार फेऱ्या, मग खुर्चीत टेकायचं. उद्या जमली तर पाचवी.

आधी डॉक्टरांना मात्र विचारा. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉईड बिघडला असेल, तर उपाय वेगळा. ताप, धाप किंवा चक्कर असेल त्या दिवशी फेऱ्या नकोत.

आईला आपण मायेपोटीच झोपवून ठेवतो, म्हणून हे कळकळीने लिहितेय. तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.