घास अडकतो तेव्हा खर्ऱ्याला निर्दोष ठरवू नका

आठवडाभर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘अन्ननलिकेचा कॅन्सर खर्ऱ्याने नाही, फवारणीच्या औषधाने होतो. तोंडात खर्रा असला की औषध आत जात नाही. नंतर गूळ खा, विष उतरतं.’ पानठेल्यावर लोक तो एकमेकांना वाचून दाखवतात, म्हणून लिहिते.

‘खर्ऱ्याने नाही’ हे साफ खोटं. चघळायची तंबाखू अन्ननलिकेचा कॅन्सर करते, आणि तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने हे ठामपणे नोंदवलंय. खर्ऱ्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही, वर चुना. कितीही थुंका, थोडा रस गिळला जातोच, आणि तो दिवसभर त्याच नळीतून उतरतो. दारूची सवय असेल तर धोका आणखी वाढतो.

‘फवारणीने होतो’ म्हणणाऱ्याचा राग मला कळतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. औषध घातकच आहे. पण अन्ननलिकेच्या कॅन्सरचा तसा पक्का पुरावा त्याच्याविरुद्ध नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाला त्याच संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कॅन्सरकारक’ ठरवलं ते लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवरून. कामावरच्या रसायनांत रबर कारखाने आणि ड्रायक्लीनिंग यांचा अन्ननलिकेशी संबंध दिसतो, तोही मर्यादित पुराव्याचा.

खर्ऱ्याने औषध अडतं? आमच्या वावरात मी रोज उलटं बघते. झाकणाने औषध मोजायचं, काडीने ढवळायचं, आणि त्याच ओल्या बोटांनी खर्ऱ्याची पन्नी उघडून चिमूट गालात. औषध तोंडात आपणच नेतो. बाकीचं कातडीतून जातं: पंप गळून पाठ भिजते, कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की फवारा थेट तोंडावर येतो. हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करा, पन्नी घरी ठेवा.

गुळाने विष उतरत नाही. मळमळ, घाम, अंधुक दिसणं सुरू झालं की कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठा. डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरला उपचार ठरवता येतो.

माझ्या काकांना भाकर पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावी लागायची. मग ताकात कुस्करून, मग नुसतं ताक. चार महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालल्या. दुर्बिणीने तपासलं तेव्हा गाठीने नळी जवळजवळ बंद केली होती. तुमच्या घरी कोणाचा घास छातीत अडकत असेल तर दुर्बिणीची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.